नवरी दाखवा, पाकीट घ्या

लग्न आणि कर्ज या दोनच गोष्टी माणूस पूर्ण शुद्धीवर असताना, साक्षीदारांसमोर, स्वतःच्या हाताने सही करून अंगावर घेतो. फरक एवढाच, की कर्ज देण्याआधी बँक चौकशी करते.

मी हे अधिकाराने बोलतो. मी हारालांबिए, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक. उभी हयात फिंतिनेलेच्या बाजारात चीजवाल्या बायांचे तराजू तपासण्यात गेली. (एकीने एकदा माझ्या अंगावर चीजचा गोळा फेकला. वजन बरोबर भरलं.) शिवाय मी चार जोडप्यांचा धर्मबाप आहे. आमच्या मोल्दाव्हियात लग्न लागताना नवरा-नवरीच्या मागे एक पोक्त जोडपं उभं राहावं लागतं. मेणबत्त्या त्यांनी आणायच्या, सगळ्यांत जाड पाकीट त्यांनी द्यायचं, आणि पुढे संसारात भांडी वाजली की अवेळी दारही त्यांनीच उघडायचं. या सेवेबद्दल दर नाताळला एक कोंबडा मिळतो. (हल्ली तो गोठवलेला, दुकानाची चिठ्ठी लावलेला येतो. तक्रार नाही, फक्त नोंद आहे.)

आता पाकिटाविषयी. लग्नात पैशाचं पाकीट देणं ही आमच्याकडची पेन्शनपेक्षा जुनी आणि पेन्शनपेक्षा भरवशाची संस्था आहे. किती घालायचे याचं शास्त्र ठरलेलं आहे. आधी ताटाची किंमत, मग त्यांनी आपल्या लग्नात घातलेली रक्कम, त्यावर मधल्या काळातली महागाई, आणि वर थोडा मान. मामेभाऊ असेल तर मान जास्त. मामेभावाची बायको बोलत नसेल तर त्याहून जास्त. पहाटे कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा वाढून झाला, की बँडवाला माइकवर एकेकाचं नाव पुकारतो आणि कोणी किती दिले ते अख्ख्या हॉलला ऐकवतो. याला आम्ही आशीर्वाद म्हणतो.

माझ्या चार जोडप्यांपैकी तिसरं वालेरिका आणि सिदोनिया यांचं. वालेरिका लोकांना मोटार चालवायला शिकवतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायचा, हा त्याचा धंदा, आणि घरी आल्यावरही त्याचा पाय काही ब्रेकवरून निघत नाही. सिदोनिया औषधाच्या दुकानात काम करते. पोर हसरी, पण फटकळ. लग्नाला अकरा वर्षं झालेली, इलिंका नावाची नऊ वर्षांची मुलगी, दोन खोल्यांचं घर, आणि घरावर बँकेचं कर्ज. म्हणजे सगळं रीतसर.

गेल्या हिवाळ्यात वालेरिकाने मोबाइलवर अर्थनियोजनाचा एक फुकट अभ्यासक्रम केला. फुकटचं औषध जसं जास्त घेतलं जातं, तसा त्याने तो दोनदा केला. त्यात सांगितलं होतं, की उत्पन्नाचे तीन वाटे करा: निम्मं गरजेला, थोडं हौसेला, उरलेलं बचतीला. वालेरिकाने घरातल्या माणसांचेही तसेच वाटे केले. बायको गरजेत गेली, मुलगी हौसेत आणि तो स्वतः बचतीत.

दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर घरात बैठक होऊ लागली. सासूबाईंनी पाठवलेल्या भाजलेल्या वांग्या-मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या 'आपत्कालीन निधी' म्हणून जाहीर झाल्या आणि माळ्यावर गेल्या. एका बुधवारी इलिंकाने शाळेतून आल्यावर त्यातली एक उघडून पावाला लावली, तेव्हा पुढच्या रविवारी तिच्याकडून खुलासा मागवण्यात आला. तिने लेखी दिलं, 'भूक ही आपत्ती होती.' खुलासा फेटाळण्यात आला. दात पडला तर आमच्याकडची पोरं तो कावळ्यासाठी छपरावर फेकतात. वालेरिकाने विचारलं, कावळा बदल्यात काय देतो? इलिंका म्हणाली, "नवा दात." तेव्हा मात्र तो म्हणाला, की ही घरातली एकमेव फायद्याची गुंतवणूक आहे.

सिदोनिया आमच्याकडे येऊन माझ्या बायकोला, आग्लायाला म्हणाली, "धर्मआई, मी हसले तरी हा बघतो, की हे कुठल्या खात्यातून गेलं."

"चांगलंय की," आग्लाया म्हणाली. "आमचे हे तर बघतसुद्धा नाहीत."

अशा शिस्तीत महिने गेले आणि कर्ज आपलं होतं तिथेच. मग मार्चमधल्या एका संध्याकाळी वालेरिका माझ्याकडे धापा टाकत आला. अकरा वर्षांत लग्नांत आणि बाप्तिस्म्यांत वाटलेल्या सगळ्या पाकिटांची त्याने बेरीज केली होती. ती अडतीस हजार लेई निघाली. बँकेचं राहिलेलं कर्ज किती? तेही अडतीस हजार.

"धर्मबाबा, अहो, हा खर्च नव्हताच! ही गुंतवणूक आहे. फक्त मुदत भरायची राहिलीय!"

"मग भर की."

"तिथेच तर घोडं अडलंय. वसुलीला आपल्या घरात कार्य नको का?"

त्याने सगळ्या बाजूंनी विचार केला होता. इलिंकाच्या लग्नाला अजून पंधरा-वीस वर्षं, आणि तोवर निम्मे देणेकरी मरणार. (मेलेल्या पाहुण्याचे वारस पाकिटाची जबाबदारी घेत नाहीत, ही आमच्या कायद्यातली मोठी त्रुटी आहे.) बाप्तिस्म्यासाठी नवं बाळ हवं. तो प्रस्ताव रविवारच्या बैठकीत मांडला, तेव्हा सिदोनियाने हातातलं लाटणं खाली ठेवलं नाही, त्यामुळे चर्चा पुढे गेली नाही. राहता राहिलं लग्न. नवरा तयार होता, नवरी घरातच होती, पाहुण्यांची यादी पाठ होती. अडचण एकच होती, की दोघांचं लग्न झालेलं होतं.

"म्हणून आधी घटस्फोट घ्यायचा," वालेरिका म्हणाला. "कागदोपत्री हो! मग पुन्हा लग्न. दणक्यात."

खरं सांगतो, माझ्या डोक्यात पहिला विचार त्याच्या संसाराचा आला नाही. पहिला विचार आला की म्हणजे धर्मबाप पुन्हा मीच, आणि ते जाड पाकीटही पुन्हा माझंच.

"सिदोनियाला विचारलंस का?" मी म्हणालो.

"तिला समजावलंय. तिने फक्त एकच विचारलं."

काय विचारलं ते मला नोटरीच्या कचेरीत कळलं. नोटरी म्हणाला, अर्ज दिल्यावर कायद्याने तीस दिवस विचाराला मिळतात, त्या काळात दोघांनी वेगळं राहिलेलं शोभून दिसतं. सिदोनियाने तेच पुन्हा विचारलं, "तीस दिवस हा घरी नसणार?" नोटरी म्हणाला, नसणार. तिने त्याच्या हातातून पेन ओढून घेऊन सही केली. वालेरिकाला तिचं हे सहकार्य पाहून भरून आलं.

तो बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आला. सोफा माझा, रग आग्लायाचा, आणि रोज सकाळी कॉफी पिताना हिशोब त्याचा: "आज नऊ दिवस झाले, धर्मबाबा." "आज एकोणीस झाले." माझ्या साखरेच्या डब्यावर त्याने पेन्सिलीने रेघ मारली. पाहुणा म्हणजे देव, आणि देवाला कोणी भाडं मागत नाही.

इकडे सिदोनियाच्या घरात जे घडलं ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखं आहे. बैठका बंद झाल्या. बरण्या माळ्यावरून खाली आल्या आणि दोघी मायलेकी त्या चमच्याने खाऊ लागल्या. नवऱ्याने टाकलेली बाई म्हणून जिन्यातल्या शेजारणी पालकाच्या पोळ्या, सूप, केक आणून देऊ लागल्या, एवढं की कित्येक दिवस चूलच पेटेना. महिनाअखेर तिच्या हातात पैसे उरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा! ती आग्लायाला म्हणाली, "धर्मआई, तो म्हणायचा ना, घरात कुठेतरी गळती आहे, सापडत नाही? सापडली. तुमच्या सोफ्यावर झोपलीय."

आग्लाया हसून हसून रडली. मला मात्र हसू आलं नाही. पोरीच्या आवाजात गंमत होती, पण ती एकदाही 'तो परत आला की' असं म्हणाली नाही.

तीस दिवस भरले आणि घटस्फोटाचा कागद हातात पडला. तिसऱ्या शनिवारी लग्न ठरलं. चर्चचे फादर व्हिसारिओन म्हणाले, "आमच्या वहीत तुम्ही अजून नवरा-बायकोच आहात. लागलेलं लग्न मी पुन्हा लावत नाही. मेणबत्त्या हव्या तर घेऊन जा." तेव्हा फक्त नगरपालिकेत सही आणि संध्याकाळी हॉलमध्ये जेवण, असं ठरलं. एकशे ऐंशी निमंत्रणं गेली. हॉलचा, बँडचा, डुकराच्या मांसाचा आगाऊ पैसा वालेरिकाने नवं कर्ज काढून भरला. (कर्ज फेडण्यासाठी काढलेलं कर्ज हे कर्ज नसून पूल असतो, असं अभ्यासक्रमात होतं म्हणे. आम्ही त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतो. तोही एक पूलच आहे.)

गावातही विचारमंथन झालं. याच नवरीला एकदा पाकीट दिलेलं आहे, तेव्हा दुसऱ्यांदा द्यावं की फरक द्यावा? वालेरिकाचा चुलता तोआदर, ज्याच्या तीन मुलींच्या लग्नांत वालेरिकाची तीन पाकिटं गेली होती, त्याने निवाडा दिला: "नवरा जुना, नवरी जुनी, पण ताट नवं. ताटाचे द्यावेत." हे सर्वांना पटलं.

शनिवारी दुपारी नगरपालिकेत आम्ही मोजकीच माणसं होतो. तिरंगी पट्टा लावलेल्या, लग्नं नोंदवणाऱ्या पोम्पिलियाबाईंनी वालेरिकाला विचारलं, राजीखुशीने लग्न करतोस का? तो "हो" म्हणाला, प्रश्न संपायच्या आत. मग सिदोनियाकडे वळल्या. सिदोनिया निळ्या साध्या झग्यात होती आणि फार सुरेख दिसत होती. ती पोम्पिलियाबाईंना म्हणाली, "एक मिनिट हं." आणि नवऱ्याकडे, म्हणजे जो तेव्हा नवरा नव्हता त्याच्याकडे, वळली.

"काय रे वालेरिका, माझ्याशी लग्न का करायचंय तुला?"

त्याला वाटलं ही गंमत करतेय. "आता हे काय, सिदो? एकशे ऐंशी माणसं येणारेत!"

इलिंकाने आईचा झगा ओढला. "आई, बाबा आज आपल्याकडे येणार की नाही?"

"बाई," सिदोनिया पोम्पिलियाबाईंना म्हणाली, "घटस्फोटाला आम्हाला विचार करायला तीस दिवस दिले होते. लग्नाला किती देता?"

"लग्नाला?" बाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून दोन्हीकडून पाहिलं. "लग्नाला काहीच नाही गं. इथल्या इथे."

"मग आज नाही म्हणते. तीस दिवसांनी बघू." आणि तिने इलिंकाचा हात धरला आणि जिना उतरून गेली.

वालेरिका पांढराफटक पडला. "धर्मबाबा, हॉल!" तो म्हणाला. मी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यायला हवी होती. पण धर्मबापाला तेवढा एकच अधिकार नाही.

तर हॉल. आठ वाजता एकशे ऐंशी माणसं आली, प्रत्येकाच्या खिशात पाकीट. वालेरिका दारात हसत उभा, नवरीचा पत्ता नाही. कोणी एक अक्षर विचारलं नाही! कारण आमच्या लग्नात नवरी चोरायची चाल आहे. ऐन रंगात टवाळ मंडळी नवरीला पळवतात, कुठल्यातरी खानावळीत नेऊन बसवतात, आणि व्हिस्कीच्या बाटल्या खंडणी म्हणून घेऊन परत देतात. सगळ्यांना वाटलं, यंदा जरा लवकर चोरली. आणि खंडणी कोण देतं? धर्मबाप देतो.

पहिल्या तासात एक टोळकं येऊन माझ्या कानात म्हणालं, नवरी आमच्याकडे आहे, तीन बाटल्या. मी दिल्या. खरी गोष्ट सांगितली तर पाकिटं जातील, म्हणून वालेरिका माझी बाही धरून होता. मग बँडमधला ढोलवाला आला: "नवरी आमच्याकडे, दोन बाटल्या." मग तोआदरकाका स्वतः आला. "अरे, त्यांच्याकडे नाहीच ती. माझ्याकडे आहे. शपथ!" एका नवरीला तीन ठिकाणांहून सोडवण्याचा खर्च मी केला, आणि ती आपली घरी बसून मुलीला चटणी-पाव भरवत होती. वजनमापे खात्यात असतो तर तिघांनाही दंड केला असता.

पहाटे कोबीचा खिमा झाला. बँडवाल्याने माइक घेतला. पहिलं नाव पुकारलं तोआदरकाकाचं, घरचा वडीलधारा म्हणून. तो उठला, खिशावर हात ठेवून सगळीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाकीट मी नवरीच्या हातात देतो. तशीच रीत आहे. कुठाय?"

"चोरलीय!" मागून कोणी ओरडलं.

"मग सापडली की कळवा," काका म्हणाला. "नवरी दाखवा, पाकीट घ्या."

यापेक्षा स्वच्छ आर्थिक तत्त्व मी आजवर ऐकलेलं नाही. एकशे ऐंशी जणांनी ते तिथल्या तिथे स्वीकारलं, कोट चढवले, उरलेला केक कागदी रुमालात बांधला आणि पाकिटं घेऊन घरी गेले. खोटं कशाला बोलू, माझंही पाकीट खिशात शाबूत राहिलं, आणि दुःखाच्या त्या घडीला मला मनापासून बरं वाटलं.

कल्पना मात्र वाया गेली नाही. सोमवारी नोटरीच्या दारात सात जोडपी उभी होती, हातात हात घालून, घटस्फोटासाठी. सगळ्यांना आपापली गुंतवणूक वसूल करायची होती. त्या उन्हाळ्यात फिंतिनेलेत प्रत्येकाने प्रत्येकाला पुन्हा एकदा पाकीट दिलं. तेच पैसे गावभर फिरले आणि बरोबर जिथून निघाले तिथे येऊन पोहोचले, ताटाची किंमत तेवढी वजा होऊन. हॉलवाल्याचं घरावरचं कर्ज फिटलं. जिल्ह्याच्या अहवालात आमच्या गावाची 'विवाहसंस्थेवरील वाढता विश्वास' म्हणून प्रशंसा झाली.

वालेरिका माझ्या सोफ्यावर. आता दोन कर्जं, बायको नाही. सकाळी कॉफी पुढ्यात आली तरी तो "आज अकरा झाले" एवढंच म्हणे. साखरेच्या डब्याकडे बघेना. एकदा आग्लायाने त्याला चटणी वाढली, त्याने घास घेतला आणि एवढा थोराड माणूस हमसाहमशी रडायला लागला. मला मेल्याचा राग होता, तरी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी तो उठला, दाढी केली आणि व्हिस्कीची एक बाटली घेऊन निघाला. (बाटली माझी.) मला म्हणाला, "चला धर्मबाबा, मला एकट्याला जमणार नाही." दार सिदोनियाने उघडलं.

"मी नवरी सोडवायला आलोय," तो बाटली पुढे करत म्हणाला.

"मला कोणी चोरलं नव्हतं. माझी मीच घेऊन आले मला."

त्याचे ओठ हलत होते, पण आकडा काही बाहेर पडेना. आत इलिंका दाराच्या फटीतून बघत होती. सिदोनियाने हाताची घडी घातली आणि विचारलं, "किती दिवस झाले रे?"

मी मनात म्हटलं, संपलं. आता हा सांगणार: आज तीस, एकूण ऐंशीच्या वर, दर दिवशी इतका खर्च. सकाळीच त्याने मला तो आकडा सांगितला होता.

वालेरिका खाली मान घालून म्हणाला, "मोजले नाहीत गं."

सिदोनियाला कळलं, की हा खोटं बोलतोय. अकरा वर्षांतलं त्याचं हे पहिलं खोटं होतं. तिने दार पूर्ण उघडलं. बाटली मात्र माझ्या हातात परत दिली.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत पोम्पिलियाबाईंनी त्यांचं लग्न लावलं. पाहुणे नव्हते, बँड नव्हता. मी पाकीट दिलं, तर सिदोनियाने ते न उघडता आग्लायाच्या पर्समध्ये कोंबलं. घरी आम्ही पाच जणांनी माळ्यावरून उतरवलेल्या बरण्यांतली शेवटची संपवली. दोन्ही कर्जं अजून चालू आहेत. रविवारी बैठक होते. अध्यक्ष इलिंका असते आणि विषय असतो, आज काय खायचं.

आपण सुशिक्षित माणसं. आपल्याला वालेरिकाचं हसू येणं साहजिक आहे. तरी खात्री करून घ्यायची असेल तर वजनमापे खात्याची एक साधी चाचणी सांगतो. पलीकडच्या खोलीत आपलं जे माणूस आहे, त्याला हाक मारा आणि सहज विचारा, "काय हो, किती वर्षं झाली आपल्याला?" उत्तर "कोण मोजतंय!" असं आलं, तर निर्धास्त झोपा. वर्षं, महिने आणि दिवस एका दमात आले, तर सोमवारी नोटरीकडे गर्दी असते, लवकर जा.

आणि हाक मारण्याआधीच तुम्ही स्वतः मनातल्या मनात आकडा काढलात, तर राहू द्या, लाजू नका. ओठ हललेले मला इथून दिसले.